विश्लेषण : ‘क्वीन’चे संच, चंडीगडच्या खुर्च्या आणि मराठी संगीताची न झालेली मोजदाद

चंडीगड : या शहरातील सरकारी कार्यालयांतून भंगार म्हणून बाहेर पडलेली सागवानी खुर्ची युरोपातील लिलावात लाखो रुपयांना विकली जाते, या बातमीचे आता कोणाला फारसे आश्चर्य वाटत नाही. संगीताच्या बाजारातही जुन्याला असाच भाव आला आहे. ज्या ध्वनिफिती पन्नास वर्षांपूर्वी स्टुडिओच्या मांडणीवर धूळ खात पडल्या असत्या, त्यांतून ब्रिटनचे ज्येष्ठ रॉक बँड आज आपल्या कारकिर्दीचे भारदस्त संच तयार करीत आहेत. दोन्ही ठिकाणी किंमत वस्तूला आहे, तितकीच ती वस्तू कोणी सांभाळली आणि तिची नोंद कोणी ठेवली यालाही आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने या विषयात ‘क्वीन’ या बँडचे उदाहरण सर्वांत जवळचे आणि काहीसे बोचणारेही आहे.

२५ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘क्वीन’ने आपला १९७३ मधील पहिला अल्बम ‘क्वीन वन’ या नावाने संचरूपात पुन्हा प्रकाशित केला. सहा सीडी, एक एलपी आणि १०८ पानांचे पुस्तक असा त्याचा पसारा आहे. एकूण ६३ ध्वनिमुद्रणांपैकी ४३ नव्याने मिश्रित करण्यात आली. मूळ अल्बम लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत पैसे मोजणारे कलावंत निघून गेल्यानंतर उरलेल्या वेळेत मुद्रित झाला होता. ढोलांचा आवाज मनासारखा उमटला नाही, ही बँडची तक्रार पन्नास वर्षे कायम होती. नव्या संचात तो आवाज दुरुस्त करण्यात आला. त्या वेळी वगळलेले एक गाणे त्याच्या मूळ जागी परत बसवण्यात आले आणि १९७१ मध्ये डी लेन ली स्टुडिओत केलेली चाचणी मुद्रणेही सोबत देण्यात आली.

या बँडचा हा पहिला संच नव्हे. डिसेंबर १९८५ मध्ये चौदा एलपींचा ‘द कम्प्लीट वर्क्स’ निघाला, तेव्हा कारकीर्द निम्म्याहून थोडी पुढे सरकली होती. २०१५ मध्ये पंधराही स्टुडिओ अल्बम अठरा रंगीत एलपींवर एकत्र आले. त्यानंतरच्या वर्षी १९७३ ते १९७७ या काळातील बीबीसीसाठी केलेल्या मुद्रणांचा संच आला. गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या स्वतंत्र कामाचा बारा तबकड्यांचा संच २००० मध्ये आणि त्याहून आटोपशीर असा दुसरा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकच गाणे चौथ्यांदा विकत घेणारा श्रोता भाबडा म्हणावा की निष्ठावान, हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी या व्यवहाराचे अर्थकारण भक्कम आहे. ‘क्वीन’च्या संगीताचे हक्क सोनी म्युझिकने सुमारे एक अब्ज पौंडांना घेतल्याची वृत्ते २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. नवी गाणी जवळजवळ निर्माण न करणाऱ्या बँडला एवढी रक्कम मिळते, ती त्याच्या साठ्याला.

या साठ्यामागे एक शिस्तबद्ध यंत्रणा आहे. ‘क्वीन’च्या कंपनीने ग्रेग ब्रुक्स यांना अधिकृत अभिलेखपाल म्हणून नेमले आहे. कोणती फीत कोणत्या स्टुडिओत, कोणत्या दिवशी मुद्रित झाली आणि तीवर काय आहे, याची सूची ठेवणे हे त्यांचे काम. ‘फेस इट अलोन’ हे गाणे १९८८ मध्ये मुद्रित होऊन बाजूला पडले होते. ते ऑक्टोबर २०२२ मध्ये, मर्क्युरीच्या मृत्यूनंतर जवळपास ३१ वर्षांनी श्रोत्यांसमोर आले, ते फितींचा पुन्हा धांडोळा घेता आला म्हणून. फीत जपली होती. तिच्यातले तुकडे जुळवण्याचे तंत्र मागाहून आले. फीतच नसती, तर तंत्र काय करणार होते?

तरीही इतक्या काटेकोर साठ्यात एक कप्पा रिकामा आहे आणि तो पाचगणीचा आहे. फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बुलसारा. त्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार येथे, मूळच्या गुजरातमधील पारशी कुटुंबात झाला. बुलसारा हे आडनावच बुलसार, म्हणजे आजचे वलसाड, या गावावरून आलेले. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात धाडण्यात आले. पियानोचे रीतसर शिक्षण त्याला तेथेच मिळाले आणि ‘फ्रेडी’ हे नावही तेथेच रूढ झाले, असे त्याचे सहाध्यायी सांगत आले आहेत. १९५८ च्या सुमारास पाच शाळकरी मुलांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. त्यात बुलसारा पियानो वाजवीत असे. सुट्टीत मुंबईला नातेवाइकांकडे आणि शाळा सुरू झाली की पुन्हा घाटमाथ्यावर, असा त्याचा क्रम होता. १९६४ च्या झांझिबार क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला गेले, तेव्हा हा मुलगा सतरा वर्षांचा होता. म्हणजे ज्या वयात कान घडतो, त्या वयाचा मोठा भाग त्याने सातारा जिल्ह्यात काढला.

या काळातील एकही ध्वनिमुद्रण कोणत्याही संचात नाही. २००० च्या संचात शोध मागे जातो, तो १९६९ पर्यंत. लिव्हरपूल आणि लंडनमधील ‘आयबेक्स’ व ‘रेकेज’ या अल्पजीवी बँडांच्या खरखरीत मुद्रणांपर्यंत. २०१८ च्या चरित्रपटाची कथाही १९७० च्या लंडनपासून सुरू होते. दोष संपादकांना देता येणार नाही. त्या काळी भारतात ध्वनिफीतयंत्र ही चैनीची वस्तू होती आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजवणाऱ्या पाच मुलांसाठी ते कोणी चालू केले नाही. पण पाचगणीतील पियानोशिक्षणाचे स्वरूप काय होते, शाळेत कोणत्या तबकड्या ऐकल्या जात, रेडिओवर काय लागत असे, हे लिहून ठेवण्यासाठी यंत्र लागत नव्हते. लंडनमध्ये मात्र त्याचा लहानपणीचा टपालतिकिटांचा संग्रहसुद्धा टपाल संग्रहालयात जतन केला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सदबीजने त्याच्या घरातील वस्तूंचा लिलाव केला, तेव्हा त्याचा पियानो सुमारे १७ लाख पौंडांना आणि ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ची हस्तलिखित पाने सुमारे १४ लाख पौंडांना गेली. त्या पानांवरील खाडाखोडीवरून गाण्याचे आधी योजलेले नाव ‘मंगोलियन’ असल्याचे जगाला समजले. कागद टाकून दिला नाही, एवढ्यावर हे सारे उभे आहे.

ब्रिटिश माणूस स्वभावतःच जपणूक करणारा असतो, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. बीबीसीनेही साठ आणि सत्तरच्या दशकांत असंख्य कार्यक्रमांच्या फिती पुसून पुन्हा वापरल्या. जपणुकीला तेथे कायद्याचाही रेटा मिळाला. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशानुसार प्रकाशित ध्वनिमुद्रणाचे संरक्षण ५० वर्षांवरून ७० वर्षांपर्यंत वाढले आणि ब्रिटनमध्ये ते १ नोव्हेंबर २०१३ पासून लागू झाले. मात्र पन्नास वर्षांत जे मुद्रण प्रकाशितच झाले नाही, त्याला या वाढीचा लाभ नाही. परिणामी डिसेंबर २०१३ मध्ये ‘द बीटल्स’ची १९६३ मधील ५९ अप्रकाशित मुद्रणे घाईघाईने इंटरनेटवर विक्रीस आली. हक्क जाण्याच्या भीतीने कपाटे उघडली गेली.

भारतीय कायद्याची रचना नेमकी उलटा परिणाम करते. प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम २७ प्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. १९६५ मध्ये प्रकाशित झालेल्या तबकडीवरील हक्क २०२५ सरताना संपतो. परंतु जे प्रकाशित झालेच नाही, त्याची साठ वर्षे मोजायला सुरुवातच होत नाही. म्हणून एखाद्या कंपनीच्या गोदामात किंवा एखाद्या संस्थेच्या कपाटात मैफलीची फीत पडून राहिली, तर ती प्रकाशात आणण्याची घाई मालकाला नसते. फितीवरचा चुंबकीय थर मात्र कायद्याची वाट न पाहता झडत राहतो.

येथे चंडीगडचा अनुभव उपयोगी पडतो. ल कॉर्ब्युझिए यांचे चुलत बंधू आणि सहकारी प्येर जानरे यांच्या देखरेखीखाली या शहरातील कार्यालये, न्यायालय, विद्यापीठ यांच्यासाठी सागवान व वेताचे फर्निचर घडवले गेले. वापरून जुने झाल्यावर ते नियमानुसार निर्लेखित होऊन भंगाराच्या भावात विकले गेले आणि परदेशी व्यापाऱ्यांनी ते उचलले. पुरावस्तूंविषयीचा १९७२ चा कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना संरक्षण देतो. पन्नासच्या दशकातील खुर्ची त्यात बसत नव्हती. अखेर फेब्रुवारी २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने या फर्निचरच्या विक्रीवर बंदी घातली. त्यानंतर प्रशासनाने मोजदाद केली आणि १२ हजार ७९३ वस्तूंची यादी तयार झाली. यादीमुळे चोरी किंवा विक्री पूर्णपणे थांबली, असे नाही; विदेशी लिलावांच्या बातम्या येतच आहेत. मात्र एखादी खुर्ची कोठे असायला हवी होती, हे आता विचारता येते. मराठी संगीताबाबत हा प्रश्न विचारण्याइतकीही सोय नाही, कारण अशी सर्वसमावेशक सूची शासनाने कधी केलेली नाही.

मराठी संगीताला ध्वनिमुद्रणाची परंपरा नव्हती, असे मुळीच नाही. अब्दुल करीम खाँ यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात मुद्रण केले आणि तीसच्या दशकात पुन्हा केले. म्हणून किराणा घराण्याचा तो आवाज आज ऐकता येतो. भास्करबुवा बखले यांची एकही तबकडी उपलब्ध नाही. बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव यांच्यासारख्या शिष्यांच्या गळ्यातून त्यांचा अदमास घ्यावा लागतो. या तबकड्यांचे जतन आणि त्यांची सूची करण्याचे काम मुख्यतः हौशी संग्राहकांनी केले. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने आणि तिचे सुरेश चांदवणकर यांनी तबकड्यांचे क्रमांक, मुद्रणाची ठिकाणे, गायकांची चरित्रे यांची माहिती वर्षानुवर्षे छापली. ग्रेग ब्रुक्स यांना पगार देणारी कंपनी आहे. इथले संग्राहक स्वतःच्या निवृत्तिवेतनातून कपाटे घेतात आणि त्यांच्या पश्चात त्या कपाटांचे काय करायचे, हा घरच्यांपुढचा प्रश्न होऊन बसतो.

कंपन्यांकडे पाहिले, तर भारतातील सर्वांत यशस्वी संच म्हणजे सारेगामाने २०१७ मध्ये आणलेला ‘कारवां’. रेडिओच्या आकाराच्या पेटीत पाच हजार गाणी आणि बटण दाबले की गाणे सुरू. मराठी गाण्यांची आवृत्तीही निघाली आणि वयस्क श्रोत्यांनी ती आनंदाने घेतली. त्या पेटीने हरवलेला श्रोता परत आणला, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. पण ती ऐकण्याची पेटी आहे, अभ्यासाची नव्हे. चाल पहिल्यांदा कशी बांधली होती, कोणता अंतरा गळला, सारंगीवर कोण होते, हे ती सांगत नाही.

‘गीतरामायणा’चे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ते सुरू झाले. सीताकांत लाड यांची कल्पना, ग. दि. माडगूळकरांची गीते, सुधीर फडके यांचे संगीत. वर्षाची बावन्न गीते योजली होती. अधिक मासामुळे ती छप्पन्न झाली. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, राम फाटक असे अनेक आवाज होते. पुढे एचएमव्हीने फडके यांच्या एकट्याच्या आवाजात तबकड्यांचा संच काढला आणि घरोघरी तोच रुजला. दोन्ही रूपे, माडगूळकरांची हस्तलिखिते, तालमींच्या आठवणी आणि विविध भाषांतील अनुवाद यांचा सटीप संच हा मराठीतला खराखुरा ‘कम्प्लीट वर्क्स’ ठरेल.

तो काढू पाहणाऱ्याला मात्र हक्कांचा गुंता सोडवावा लागेल. जुन्या ध्वनिमुद्रणांवरील हक्क साठ वर्षांनी संपला, तरी शब्द आणि संगीत यांवरील हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतात. माडगूळकरांचे निधन डिसेंबर १९७७ मधले, म्हणजे शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत. फडके २००२ मध्ये गेले, म्हणजे चालींवरील हक्क २०६२ पर्यंत. वारसदार, आकाशवाणी आणि कंपनी या तिघांना एका मेजाभोवती आणल्यावाचून असा संच निघू शकत नाही. आणि त्या बैठकीच्या आधी कोणाकडे कोणती फीत उरली आहे, याची यादी लागेल.