काम सांगणाऱ्यांनी काम द्यावे

अमेरिकेत दारिद्र्य आहे असे सांगितले की आपल्याकडील सुशिक्षित मध्यमवर्ग काहीसा अविश्वासानेच ऐकतो. ज्या देशात आपली मुले-नातवंडे सुखाने नांदत आहेत, त्या देशात कुणी शिध्यासाठी रांगेत उभे राहत असेल ही कल्पनाच मनाला पटत नाही. परंतु तेथील गरिबी महामार्गावरून दिसत नाही. ती काउंटीत दिसते. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला तालुका किंवा लहानसा जिल्हा. अशा तीन हजारांहून अधिक काउंटी त्या देशात आहेत. गरिबाला मदत मिळते की नाही, कुणाच्या हातून मिळते आणि ती मागताना त्याला किती वाकावे लागते, याचा अनुभव त्याला वॉशिंग्टनमध्ये येत नाही, काउंटीच्या कचेरीत येतो.

वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण टोकाला, अ‍ॅपलाचियन डोंगरांच्या घड्यांत, मॅक्डॉवेल नावाची काउंटी आहे. एकेकाळी देशातील कोळशाच्या प्रमुख कोठारांत तिची गणना होत असे. 1950च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 98,887 होती. 2020मध्ये ती 19,111 उरली. म्हणजे सत्तर वर्षांत पाचांतील चार माणसे गेली. त्यांना कोणत्याही युद्धाने वा साथीने नेले नाही. खाणीत यंत्रे आली, शंभर माणसांचे काम दहांवर आले. पुढे 1980च्या दशकात पोलाद उद्योगाने या भागातून काढता पाय घेतला आणि उरलेले रोजगारही गेले. जे तरुण होते ते बाहेर पडले. वृद्ध, आजारी, खाणीच्या धुळीने फुप्फुसे निकामी झालेले आणि त्यांची सेवा करणारे मागे राहिले.

या काउंटीचे अमेरिकेच्या सामाजिक इतिहासात एक निराळे स्थान आहे. 1960च्या वसंतात अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी प्रचार करताना जॉन केनेडी या खाणवस्त्यांतून हिंडले. तेथे पाहिलेली उपासमार त्यांच्या मनात राहिली असावी. कारण सत्तेवर येताच त्यांनी काढलेला पहिला कार्यकारी आदेश गरजू कुटुंबांच्या धान्यवाटपात वाढ करणारा होता. 29 मे 1961 रोजी मॅक्डॉवेलचे मुख्य ठिकाण असलेल्या वेल्च गावी, पंधरा माणसांचे कुटुंब पोसणाऱ्या एका बेकार खाणकामगाराला 95 डॉलरची अन्नकुपने देण्यात आली. महायुद्धाच्या काळात बंद पडलेली अन्नकुपनांची योजना अशी पुन्हा सुरू झाली. आज तीच ‘स्नॅप’ या नावाने देशभर चालते.

त्यानंतर तीन वर्षांनी, 1964मध्ये, अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दारिद्र्याविरुद्ध ‘युद्ध’ पुकारले आणि आर्थिक संधी कायदा आणला. त्यातून ‘कम्युनिटी अ‍ॅक्शन’ संस्था जन्मल्या. काउंटी-काउंटीत काम करणाऱ्या अशा सुमारे एक हजार संस्था आज आहेत. थंडीत घर उबदार ठेवण्याच्या बिलाला हातभार लावणे, गळक्या छपराची आणि फटींच्या भिंतींची डागडुजी करणे, लहान मुलांच्या बालवाड्या चालविणे, वृद्धांना दवाखान्यात पोहोचविणे ही त्यांची कामे. त्यांच्या रचनेत मात्र एक गोष्ट लक्ष देण्याजोगी आहे. संस्थेच्या कार्यकारी मंडळाचा एक तृतीयांश भाग लोकनियुक्त पदाधिकाऱ्यांचा, किमान एक तृतीयांश गरीब वस्त्यांतील प्रतिनिधींचा आणि उरलेला व्यापारी, चर्च, शिक्षणसंस्था अशा स्थानिक घटकांचा असावा असे कायदा सांगतो. मदत घेणारा मदतीच्या निर्णयातही बसला पाहिजे, हा त्यामागचा विचार. प्रारंभीच्या वर्षांत या तरतुदीने अनेक महापौरांची झोप उडविली, कारण गरीब वस्तीतले लोक थेट नगरपालिकेला जाब विचारू लागले. तेव्हा 1967मध्ये काँग्रेसने कायदा बदलून स्थानिक सत्ताधाऱ्यांची पकड घट्ट केली. लोकसहभागाचे कौतुक सर्वच सरकारे करतात; तो खरोखर होऊ लागला की त्यांना घाम फुटतो. हे केवळ अमेरिकेपुरते खरे आहे असे नाही.

टीकाकारांचा प्रश्न असा की, साठ वर्षे कुपने वाटूनही मॅक्डॉवेल गरीबच का? प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. परंतु कुपनाचे काम पोट भरण्याचे होते, खाण पुन्हा चालू करण्याचे नव्हते. आणि पोट भरल्याने काय झाले याचे उत्तर उपलब्ध आहे. 1961 ते 1975 या काळात ही योजना एकेका काउंटीत क्रमाक्रमाने पोहोचली. त्यामुळे ती जेथे आधी आली तेथील मुले आणि जेथे उशिरा आली तेथील मुले यांची तुलना करणे अर्थशास्त्रज्ञांना शक्य झाले. हिलरी हॉइन्स, डायान शान्झेनबाख आणि डग्लस अ‍ॅल्मंड यांनी 2016मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले की, बालपणी या योजनेचा आधार मिळालेल्यांमध्ये मोठेपणी लठ्ठपणा, रक्तदाब, मधुमेह यांसारख्या विकारांचे प्रमाण कमी होते. आणि स्त्रियांच्या बाबतीत तर स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे प्रमाणही अधिक होते. फुकटचे अन्न माणसाला परावलंबी करते असे म्हणणाऱ्यांनी या निष्कर्षाचा विचार करावयास हवा.

दुसरा युक्तिवाद अधिक आदरणीय आहे. गरिबाची जबाबदारी समाजाने घ्यावी, सरकारने नव्हे, असा तो युक्तिवाद. सेवाभाव ही समाजाची संपत्ती आहे हे खरेच. मॅक्डॉवेलमध्ये चर्चच्या आणि स्वयंसेवकांच्या बळावर चालणारी अन्नछत्रे नसती तर अनेक चुली पेटल्या नसत्या. अमेरिकेतील हिंदू समाजही ‘सेवा दिवाळी’च्या निमित्ताने गेली काही वर्षे धान्य आणि डबाबंद अन्न गोळा करून आपापल्या भागातील अन्नपेढ्यांना देत आहे, ही अभिमानाचीच गोष्ट. पण समाजाच्या झोळीला मर्यादा असते. देशभरातील अन्नपेढ्यांचे जाळे चालविणारी ‘फीडिंग अमेरिका’ ही संस्था स्वतःच सांगते की, अन्नपेढी एक जेवण पुरविते तेव्हा सरकारी कुपने नऊ जेवणे पुरवितात. शिवाय समाजाची झोळी समाजाच्या सुबत्तेवर भरते. मॅक्डॉवेलमधील किंबल गावचे वॉलमार्टचे मोठे दुकान 2016च्या जानेवारीत बंद झाले. लोकांची नोकरी आणि खरेदीची जागा तर गेलीच. पण त्या दुकानाकडून स्थानिक अन्नपेढीला मिळणारे उरलेले अन्नही थांबले. जेथे गरज सर्वाधिक, तेथेच दाते सर्वांत कमी, हा सर्वच मागास भागांचा अनुभव आहे.

आता मुख्य मुद्दा. 4 जुलै 2025 रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने कुपनांची कामाची अट कडक केली आहे. धडधाकट मनुष्याने महिन्याला 80 तास काम, प्रशिक्षण वा स्वयंसेवा केल्याचे दाखविले नाही, तर तीन वर्षांत केवळ तीन महिने कुपने मिळतील हा नियम पूर्वीचाच. पण आता तो 64 वर्षांपर्यंतच्या माणसांना आणि ज्यांचे धाकटे मूल 14 वर्षांचे झाले आहे अशा आईबापांनाही लागू झाला. माजी सैनिकांना आणि बेघरांना असलेली सूटही गेली. बेकारी दहा टक्क्यांहून अधिक असेल अशा भागालाच सवलत मिळू शकेल. येथे एक गोम आहे. बेकार म्हणून त्याचीच नोंद होते, जो काम शोधत असतो. शोधून थकलेला मनुष्य आकडेवारीतून गळून जातो. मॅक्डॉवेलमध्ये प्रौढांपैकी निम्म्याहून कमी लोक कामाच्या बाजारात आहेत. म्हणजे निराशा जितकी खोल, तितका बेकारीचा आकडा दिसावयास लहान.

कामाची अट तत्त्वतः चुकीची नाही. श्रम करून खाण्यात जी प्रतिष्ठा आहे ती दानात नाही, हे गरिबालाही कळते, किंबहुना त्यालाच अधिक कळते. पण अट घालणाऱ्याने काम कोठे आहे ते सांगितले पाहिजे. याच वेस्ट व्हर्जिनियाने 2016मध्ये नऊ काउंटींत ही अट लावून पाहिली. तुलनेने बऱ्या स्थितीतल्या काउंटी त्यासाठी निवडल्या होत्या. पाच हजारांहून अधिक लोकांची कुपने बंद झाली आणि रोजगारात लक्षणीय वाढ झाल्याचे राज्याच्या स्वतःच्या खात्यालाही आढळले नाही. बऱ्या काउंटींत ही गत, तर डोंगरातल्या, बस नसलेल्या, मोबाइलची रेंज न मिळणाऱ्या वस्तीत 80 तासांचा दाखला मनुष्य कोठून आणणार?

येथे महाराष्ट्राची आठवण होणे अपरिहार्य आहे. 1972च्या दुष्काळात या राज्याने रोजगार हमी योजना हाती घेतली आणि 1977मध्ये तिला कायद्याचे रूप दिले. त्यामागे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची तळमळ होती. तेथेही तत्त्व ‘काम करा, मोबदला घ्या’ हेच. फरक इतकाच की, काम देण्याचे उत्तरदायित्व सरकारचे. अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत काम द्या, नाहीतर बेकारभत्ता द्या, असे कायदा सांगे. पैसा उभारण्यासाठी 1975पासून व्यवसायकर बसला. म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या पाकिटातून खेड्यातल्या मजुराची मजुरी निघाली. योजनेत खोटी हजेरीपत्रके होती, खडी फोडण्यापलीकडे न गेलेली कल्पनाशून्य कामे होती, हे सर्व मान्य. पण हातात घमेले घेऊन उभ्या असलेल्या मजुराला ‘तू काम का करीत नाहीस’ असे विचारण्याचा निर्लज्जपणा त्या कायद्यात नव्हता. जगातील सर्वांत श्रीमंत देशाला एवढे करता येऊ नये?

त्याऐवजी तेथे भार खाली ढकलला जात आहे. ऑक्टोबर 2026पासून कुपनांच्या प्रशासकीय खर्चातील राज्यांचा वाटा निम्म्यावरून तीन चतुर्थांशावर जाणार आहे. एका वर्षानंतर, ज्या राज्यांत वाटपातील चुकांचे प्रमाण सहा टक्के वा त्याहून अधिक असेल, त्यांना कुपनांच्या रकमेतलाही काही हिस्सा भरावा लागेल. ऑक्टोबर-नोव्हेंबर 2025मध्ये केंद्राचे कामकाज 43 दिवस ठप्प होते, तेव्हा नोव्हेंबरची कुपने अडकली आणि अन्नपेढ्यांच्या दारांशी रांगा लागल्या. तो तात्पुरता प्रसंग होता. यापुढची टंचाई कायद्याने येईल, आणि चुका टाळण्याच्या धास्तीने वेल्चच्या कचेरीतला कारकून प्रत्येक अर्जाला आणखी एक कागद मागेल. 1961मध्ये त्याच गावी खाणकामगाराला कुपने मिळाली, तेव्हा त्याच्या हाताला काम नव्हते आणि घरात पंधरा माणसे होती.