चोर किती होते, हे विचारलेच नाही

शोकांतिका शिकवण्याची आपल्याकडे एक ठरीव रीत आहे. नायक थोर असतो, त्याच्यात एक दोष असतो, त्या दोषापायी तो कोसळतो, प्रेक्षकाला करुणा आणि भय वाटते. झाले उत्तर. बाजारातल्या गाइडात ते सव्वा पानात बसते आणि सोफोक्लिसचे ‘ईडिपस’ न उघडताही लिहिता येते. मी रेडीचा. सिंधुदुर्गातल्याच एका महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवतो. असल्या उत्तरांचे गठ्ठे तपासून माझे मत पक्के झाले आहे, की ही नाटके मास्तराने समजावून सांगायची नाहीतच. मुलांनी ती भांडून वाचावीत आणि एकमेकांचे लिखाणही त्यांनीच तपासावे.

माझ्या वर्गात चार-पाच जणांचा गट असतो. प्रत्येकाने एक पान लिहून आणायचे. ते गटात फिरते, आणि वाचणारा समासात शेरा लिहितो. सुरुवातीला शेरे येतात ते ‘बरां लिवलंस’ किंवा ‘मस्त’ असे. मैत्रीखातर मारलेला शेरा हा या पद्धतीचा खरा रोग. म्हणून नियम एकच: नाटकातली जागा दाखवल्याशिवाय शेरा धरला जाणार नाही. ईडिपस गर्विष्ठ आहे म्हणतोस, तर कुठे? आंधळ्या टायरेसियसला टाकून बोलतो तिथे, की म्हाताऱ्या मेंढपाळाचे हात पिरगळायला लावतो तिथे? की थेब्जच्या लोकांना रोगराईतून सोडवायला धडपडतो, तोही गर्वच?

या नियमातून काय निघते ते सांगतो. थेब्जचा आधीचा राजा लायस याच्या खुनातून वाचलेला एकच नोकर. त्याने गावात येऊन सांगितले होते, की राजाला चोरांच्या टोळीने मारले. पुढे ईडिपसला आठवते, की तिठ्यावर आपणही एका म्हाताऱ्याला मारले होते, पण आपण एकटे होतो. आता त्याची सगळी आशा त्या नोकराच्या एका शब्दावर. मारेकरी अनेक असतील तर तो मी नव्हे. बोलवा त्याला! नोकर येतो. आणि गटातली एक मुलगी दुसऱ्याच्या पानावर बोट ठेवून म्हणाली, “तो इलो, पण चोर कितके होते तां तेका कोणी इचारुकच नाय.”

खरेच नाही विचारले. तोवर कॉरिंथहून निरोप्या आलेला असतो आणि प्रश्न बदललेला असतो: खून कोणी केला हे मागे पडून, मी कोणाचा मुलगा, एवढेच उरते. यावर गटात जी जुंपली ती तास संपल्यावर व्हरांड्यातही चालू होती. एकाचे म्हणणे, लेखक विसरला. दुसऱ्याचे, नोकर मुळात खोटेच बोलला होता; एकट्या माणसाला भिऊन पळालो हे कोण सांगेल? ती मुलगी म्हणाली, आता ईडिपसला सुटायचेच नाही, त्याला फक्त जाणून घ्यायचे आहे. जाणत्या टीकाकारांनीही या जागेवर वाद घातले आहेत. मी त्या दिवशी फळ्यावर काहीही लिहिले नाही.

आमच्या मुलांना ग्रीक नाटक झेपेल का, असे विचारणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे माऊलीच्या जत्रेला रात्रभर दशावतार बघत बसावे. दशावतारात लिखित संहिता नसते. पेटाऱ्याशेजारी तोंडाला रंग लावता लावता आख्यान ठरते, कामे वाटली जातात, संवाद रंगमंचावर उभे राहतात. कीचकाचे पुढे काय होणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पाहायचे असते ते कसे होते. आणि सकाळी चहाच्या टपरीवर राजपार्टी नटाचा हिशेब चुकता होतो. अथेन्समध्येही गोष्टी बहुधा सर्वांच्या ओळखीच्याच असत, आणि निकाल देणारे दहा परीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडलेले नागरिक. ॲरिस्टॉटलने वाखाणलेल्या ‘ईडिपस’च्या वेळी त्यांनी पहिले बक्षीस दिले एस्किलसचा भाचा फिलोक्लिस याला! चुकले असतील; पण नाटक तपासणे हे लोकांचे काम आहे, याबद्दल त्यांना शंका नव्हती. शिवाय त्या ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणणारे विंदा करंदीकर आपल्याच देवगड तालुक्यातल्या धालवलीचे. पु. लं.चे ‘राजा ओयदिपौस’ही हाताशी आहे. मुले पेपर इंग्रजीत लिहितात, भांडतात मालवणीत. भांडण मालवणीत झालेले असले, की इंग्रजीही जरा धीट होते, हा माझा अनुभव.

गटाचे गोडवे मात्र मी गाणार नाही. एस्किलसच्या ‘ॲगमेम्नॉन’मध्ये राजा आतून ओरडतो आणि बाहेर बारा म्हातारे पाळीपाळीने मत देत बसतात: दार फोडावे का, लोकांना बोलवावे का, आधी खात्री करून घ्यावी का. राजा तेवढ्यात संपतो. वर्गातही एक दांडगा बोलतो आणि चौघे माना डोलावतात. म्हणून गटाचे एकमत झाले, तर न पटलेला एक मुद्दा तरी लिहून द्यावा लागतो, आणि शेवटचा निबंध ज्याने त्याने एकट्याने लिहायचा.

अडते ते गुणांपाशी. दुसऱ्याच्या पानावर नेमका प्रश्न विचारणाऱ्या मुलीला अंतर्गत मूल्यमापनात त्याचे काही मिळत नाही. गाइड उतरवणाऱ्याला मिळते. विद्यापीठाला माझे म्हणणे एवढेच: अंतर्गत गुणांतले निदान पाच त्या समासातल्या शेऱ्यांसाठी काढून ठेवा, आणि ते कसे दिले हे पाहायला निबंधांबरोबर ती खरडलेली पानेही मागवा.