भारताचा अभ्यास कोणी करायचा?

फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाने राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमावलीत एक वाक्य घातले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय घेऊन परदेशात जाणाऱ्या विद्यार्थ्याला ही शिष्यवृत्ती मिळणार नाही, असा त्या वाक्याचा अर्थ. वृत्तपत्रांत चार दिवस चर्चा झाली, संघटनांनी निवेदने दिली आणि विषय मागे पडला. पण हे वाक्य दिसते तेवढे साधे नाही. आपल्या मुलांनी जगाच्या विद्यापीठांत कशावर बोलायचे आणि कशावर तोंड बंद ठेवायचे, याचा निर्णय त्या वाक्याने परस्पर करून टाकला आहे.

ही शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालत आलेली आहे. २०२२ च्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी होत्या. उरलेल्या विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे. म्हणजे विषयाची बंदी लागू झाली ती कोणाला? बापाच्या पैशावर ऑक्सफर्डला जाणाऱ्याला नाही. तो वेदांवर, वारशावर, जातीवर, वाटेल त्यावर संशोधन करू शकतो. बंदी आहे ती शेतमजुराच्या, सफाई कामगाराच्या, भटक्याच्या मुलाला. ज्याने जात भोगली त्याने जातीवर परदेशात लिहायचे नाही, आणि ज्याने ती कधी भोगली नाही त्याने खुशाल लिहावे! याला योगायोग म्हणायचे काय?

परदेशी विद्यापीठांत भारताचा अभ्यास कसा उभा राहिला, हेही समाजाने समजून घेतले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेला जगावर प्रभाव हवा होता आणि त्यासाठी जगाची माहिती हवी होती. १९४८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात संस्कृतचे प्राध्यापक डब्ल्यू. नॉर्मन ब्राऊन यांनी दक्षिण आशियाच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिका हादरली. पुढच्याच वर्षी तिथे राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. त्यातून परकीय भाषा आणि परकीय प्रदेश शिकवणाऱ्या केंद्रांना सरकारी पैसा मिळू लागला. यालाच ते 'एरिया स्टडीज' म्हणतात. कायद्याच्या नावातच संरक्षण हा शब्द आहे, हे ध्यानात ठेवावे. ज्ञान ही सत्ता आहे हे अमेरिकेला पक्के ठाऊक होते.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असेल. पीएल-४८० कराराखाली अमेरिकेचा गहू आपल्याकडे येत असे. जुन्या माणसांना रेशनच्या रांगा आठवत असतील. त्या गव्हाची किंमत भारत सरकार रुपयांत चुकती करी आणि तो पैसा अमेरिकेच्या खात्यावर इथेच साठे. १९६२ पासून त्या पैशातून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने भारतीय भाषांतली पुस्तके खरेदी केली आणि तिथल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांना वाटली. त्यात मराठी पुस्तकेही होती. आमच्या आईबापांनी रांगेत उभे राहून घेतलेल्या गव्हाच्या पैशातून ती ग्रंथालये भरली आणि आज आमच्याच मुलांना सांगितले जाते, की तिथे जाऊन भारतावर वाचायचे कारण नाही!

भारतावरच्या संशोधनाची साधने आणि तज्ज्ञ भारतातच आहेत, त्यासाठी परदेशात कशाला जायचे, असे या अटीचे समर्थन करण्यात आले. हे समर्थन टिकत नाही. इंडिया ऑफिसचे दप्तर आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. ब्रिटिश राजवटीतला आमच्या समाजाचा इतिहास लिहायचा तर ते दप्तर उघडावेच लागते. बाबासाहेबही लंडनला शिकत असताना इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात तासन् तास बसले होते.

बाबासाहेबांच्या अभ्यासाचे विषय पाहा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ च्या एम.ए. पदवीसाठी त्यांनी प्राचीन भारतीय व्यापारावर प्रबंध लिहिला. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. कोलंबियाच्या पीएच.डी.चा विषय ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्था, तर लंडनच्या डी.एस्सी.चा विषय भारतीय रुपया. त्यांतला पहिला विषय इतिहासाचा, दुसरा सामाजिक अभ्यासाचा. २०२२ ची अट तेव्हा असती तर जातींवरचा तो निबंध शिष्यवृत्तीच्या पैशावर लिहिला गेला नसता. आज कोलंबियाच्या इंटरनॅशनल अफेअर्स इमारतीतील लेहमन ग्रंथालयात बाबासाहेबांचा पुतळा आहे. ब्रिटनमधील आंबेडकरी-बौद्ध संघटनांच्या महासंघाने तो दिला. आमचे मंत्री-अधिकारी परदेश दौऱ्यात अशा पुतळ्यांपुढे हात जोडतात आणि मायदेशी परत येऊन त्याच वाटेवर कुंपण घालतात.

आता कायद्याचे बोलू. शिष्यवृत्ती हा हक्क नाही, सरकार देईल ती अट मानावी लागेल, असे कोणी म्हणेल. पण १९७९ च्या रामण्णा दयाराम शेट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की सरकार सवलत किंवा लाभ वाटतानाही मनमानी करू शकत नाही. संविधानाचा अनुच्छेद १४ तिथेही लागू होतो. वर्गीकरण करायचे तर त्याचा योजनेच्या उद्देशाशी संबंध दाखवावा लागतो. या योजनेचा उद्देश वंचित समाजातील मुलांना परदेशातील उच्च शिक्षणाद्वारे पुढे आणणे हा आहे. विद्यार्थी जातीवर प्रबंध लिहितो की यंत्रांवर, याचा त्या उद्देशाशी काय संबंध? अनुच्छेद ४६ राज्यसंस्थेला अनुसूचित जातींचे शैक्षणिक हित विशेष काळजीने जपायला सांगतो. त्यात विषयांची चाळणी कुठेही नाही.

आपल्यातलेही काही जण विचारतात, की अमेरिकेत जातीवर पीएच.डी. करून वस्तीला काय मिळते? प्रश्न रास्त आहे, त्याचे उत्तर दिले पाहिजे. एलिनॉर झेलियट यांनी १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बाबासाहेब आणि महार चळवळीवर प्रबंध लिहिला. गेल ऑम्व्हेट यांनी १९७३ मध्ये बर्कलेला सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध केला, पुढे भारताचे नागरिकत्व घेतले आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात आयुष्य काढले. त्या वेळी इथल्या विद्यापीठांना फुले-आंबेडकर हा संशोधनाचा विषय वाटत नव्हता. या दोघींचे ऋण समाज विसरणार नाही. पण आमचा इतिहास कायम दुसऱ्यांनीच लिहायचा काय?

कोर्टात वकील नुसते बोलून जिंकत नाही, त्याला पुरावा दाखवावा लागतो. जगाच्या व्यासपीठावरही तेच आहे. २००१ च्या डर्बन परिषदेत जातीचा प्रश्न येऊ नये म्हणून भारत सरकारने जंग जंग पछाडले. तरी २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने जन्माधारित भेदभावात जात येते, असे स्पष्ट केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराने जातिभेदावर कायद्याने बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले तसेच विधेयक मात्र गव्हर्नरने नाकारले. उद्या तिथे पुन्हा सुनावणी होईल तेव्हा जात काय असते हे अभ्यासाच्या आधारे कोण सांगणार? ज्यांनी ती नाकारण्यासाठी वकील लावले ते?

दुसरी बाजूही आहे. आपण फक्त आपलाच अभ्यास करायचा असेही नाही. दिल्लीत १९५५ मध्ये सुरू झालेली आंतरराष्ट्रीय अभ्यासाची संस्था १९७० मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. मुंबई विद्यापीठात आफ्रिकन अभ्यासाचे केंद्र आहे. परराष्ट्र धोरणावर बोलणारे लोक अशाच ठिकाणी घडतात. जपानचे बुराकू, दक्षिण आफ्रिकेचा वर्णभेद, म्यानमार-श्रीलंका-थायलंडचा बौद्ध समाज यांवर अधिकाराने बोलणारे आपले किती तरुण आहेत? बाबासाहेब १९५० मध्ये कोलंबोला, १९५४ मध्ये रंगूनला आणि १९५६ मध्ये काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदांना गेले. त्यांची नजर जगावर होती, आपली मात्र तहसील कचेरीपाशी अडकली आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. विषयबंदीची अट नियमावलीतून कायमची निघाली पाहिजे. निवड झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पैसा मिळालाच पाहिजे. २०२५ मध्ये १०६ जणांची निवड होऊन सुरुवातीला फक्त ४० जणांना पत्रे दिली गेली आणि बाकीच्यांना निधी असेल तर पाहू असे सांगितले, हा प्रकार पुन्हा चालणार नाही. विद्यार्थी संघटनांनी संसदेतल्या अनुसूचित जातींच्या खासदारांना याचा जाब विचारावा, आणि ज्यांचे अर्ज विषयामुळे नाकारले गेले त्यांनी लेखी कारण मागून घ्यावे. कारण लेखी मिळाले की न्यायालयाचा दरवाजा उघडतो.

पालकांनाही एक सांगणे आहे. मुलगी इतिहास किंवा समाजशास्त्र घ्यायचे म्हणाली तर तिला वेड्यात काढू नका. इंजिनिअर समाजाला हवेतच, पण आपली बाजू जगापुढे मांडणारी माणसेही हवीत. ती माणसे आपल्याच घरांतून तयार करावी लागतील.