स्टेटमेंट आपलं, फॉरमॅट मात्र बँकेचा

मार्च-एप्रिलमध्ये एखाद्या छोट्या सीए ऑफिसात डोकावून बघा. कोणीतरी बँकेचं पीडीएफ स्टेटमेंट समोर ठेवून टॅलीत एकेक नोंद टाइप करत बसलेलं दिसेल. यूपीआय आल्यापासून वीस रुपयांच्या चहाचीही वेगळी ओळ, त्यामुळे पानंच्या पानं! म्हणजे बँकेच्या डेटाबेसमध्ये जे आधीच नीट रकान्यांत बसलंय, ते माणसाने वाचून पुन्हा रकान्यांत भरायचं. आहे की नाही गंमत?

तुम्ही म्हणाल, कन्व्हर्टर वापरा की. पण मंडळी, पीडीएफ हा छापण्यासाठीचा फॉरमॅट. बहुतेक वेळा त्यात 'रकाना' असा नसतोच, 'हे अक्षर पानावर इथे' एवढंच असतं. नॅरेशन दोन ओळींत गेलं की कन्व्हर्टर त्याचे दोन व्यवहार करून मोकळा. सीएसव्ही मिळाली तरी सुटका नाही. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? यूपीआयचा १२ आकडी नंबर एक्सेल ई+११ करून दाखवतं आणि १५ आकड्यांपुढचं सरळ शून्य करून टाकतं. वर बँकेचं क्रेडिट म्हणजे आपल्या वहीत बँक खात्याला डेबिट! जमा झाली की रिसीट, गेली की पेमेंट, रोकड भरली की काँट्रा.

यावर एक साधा उपाय: मागची शिल्लक + जमा − नावे = पुढची शिल्लक, हे प्रत्येक ओळीला तपासायचं. जिथे जुळत नाही तिथे घोळ. जे कन्व्हर्टर एवढंही करत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. कंटाळून लोक काय करतात? 'फ्री कन्व्हर्टर' शोधतात आणि अख्ख्या वर्षाचं स्टेटमेंट, पासवर्डसकट, कुठल्यातरी अनोळखी साइटवर चढवतात. कोणाला किती पगार दिला, माल कोणाकडून घेतला, सगळं!

तंत्रज्ञान नाही म्हणावं तर ओएफएक्स १९९७ पासून आहे. आपल्याकडे अकाउंट अ‍ॅग्रिगेटर २०२१ मध्ये सुरू झाले. संमती दिली की खात्याचा डेटा मशीनला वाचता येईल अशा रूपात जातो. पण कोणाकडे? रिझर्व्ह बँक, सेबी वगैरे नियामकांच्या कक्षेतल्या संस्थांकडे. म्हणजे कर्ज देणाऱ्याला माझा डेटा स्वच्छ मिळणार, आणि मी माझ्याच हिशेबासाठी पीडीएफ खरवडत बसणार!

मागणी फार मोठी नाही. नेटबँकिंगमध्ये पीडीएफच्या शेजारी आणखी एक बटण द्या. सगळ्या बँकांचे रकाने तेच, तारीख एकाच पद्धतीची, नंबर पूर्ण. रिझर्व्ह बँकेने मनावर घेतलं तर अवघड नाही. तोवर निदान एवढं तरी करा: कन्व्हर्टर आपल्याच मशीनवर, नेट बंद करून चालणारा वापरा.