पांढरा साप येतो कुठून?

शेतात पांढरा साप निघाला की गावभर बातमी होते. कुणी त्याला देवाचा साप म्हणतं, कुणी शंभर वर्षांचा. खरं काय ते आज पाहू.

सापाच्या कातडीत रंगद्रव्यं असतात. त्यातलं काळं-तपकिरी द्रव्य म्हणजे मेलॅनिन. ते तयारच झालं नाही, तर साप फिकट दिसतो. डोळे लालसर दिसतात, कारण आतल्या रक्ताचा रंग दिसतो. हा दोष जनुकांमधून, म्हणजे आईबापांकडून येतो.

अमेरिकेतला बिनविषारी कॉर्न स्नेक बघा. मूळचा नारिंगी, अंगावर काळ्या काठाचे तांबडे डाग. काळा रंग नसलेला असा एक साप तिथे १९५३ साली सापडला. बंदिवासात त्याच्या वंशात १९६१ साली तशीच पिल्लं जन्मली. पुढे साप पाळणाऱ्यांनी जोड्या जुळवून कितीतरी रंग काढले. काळा गेला की उरतो लाल-नारिंगी साप. लाल गेला की करडा-काळा. दोन्ही गेले की जवळजवळ पांढरा!

पण साध्या रंगाच्या आईबापांना पांढरं पिल्लू कसं होतं? घरीच करून बघा. दोन वाट्या घ्या, एक आईची, एक बापाची. प्रत्येकीत एक चिंचोका आणि एक तुरीचा दाणा टाका. चिंचोका म्हणजे काळा रंग बनवणारं जनुक, तूर म्हणजे न बनवणारं. डोळे मिटून दोन्हींतून एकेक दाणा काढा. एक जरी चिंचोका आला, तरी पिल्लू काळा रंग घेऊन येतं. दोन्ही तुरी आल्या तरच पांढरं! चाळीस वेळा करा, साधारण दहा वेळा असं होईल.

रानात मात्र असं पिल्लू फारसं जगत नाही. मातीत, पाचोळ्यात ते लपणार कसं? घार लगेच हेरते. पिंजऱ्यात ही भीती नाही, पण तिथे दुसरंच संकट. बॉल पायथन या अजगरात ‘स्पायडर’ नावाची सुंदर नक्षी आहे. ज्या जनुकामुळे ती येते, त्याच जनुकामुळे त्या सापाची मान डुगडुगते, तोल जातो. नक्षी माणसाला आवडली, त्रास सापाला झाला!

आता आपल्या यवतमाळकडचं. आपल्याकडे नाग काळाही असतो आणि गव्हाळही. काहींच्या फण्यावर दहाचा आकडा नीट दिसतही नाही. मण्यारीचे पांढरे पट्टे कधी पुसट असतात. म्हणून रंगावरून ‘हा बिनविषारी’ असं कधीच ठरवू नका. साप चावला तर ओळख पटवत बसू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका, सरळ सरकारी दवाखाना गाठा.

आणि पांढरा साप दिसलाच, तर दूध नको, काठीही नको. लांब उभे राहा आणि मोठ्यांना सांगून वनखात्याला कळवा. आपल्याकडचे साप पकडून पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, बरं का!