जुन्या गाडीची खातेवही

धान घेताना आपण मूठभर दाणे तळहातावर घेऊन पारखतो. जुनी मोटार घेताना मात्र रंगावर भुलतो. मोटारीचा खरा इतिहास तिच्या नोंदणीत असतो. शासनाच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकल्यास मालकांचा अनुक्रम, विम्याची मुदत आणि कर्जाचा बोजा समजतो.

बँकेतील अनुभवावरून सांगतो, कर्ज फिटले म्हणजे बोजा उतरला, असे नव्हे. बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ परिवहन कार्यालयात दाखल होऊन नोंद कमी झाली पाहिजे. क्रमांक एमएच-३५ ऐवजी शेजारच्या छत्तीसगडचा असेल, तर तेथील नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र मागावे आणि महाराष्ट्रातील कराचा हिशेब किमतीत धरावा.

चेसिस व इंजिन क्रमांक स्वतः ताडून पाहावेत. पुरात बुडालेली गाडी धुऊन नवी दिसते. पण आसनाखालचा गंज आणि गालिच्याखालचा चिखल सहसा लपत नाही.

विक्रेत्यानेही सावध असावे. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात गाडी अनेक हातांतून गेली होती; तरीही अपघाताच्या भरपाईस नोंदणीतील मालकच जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. म्हणून राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास १४ दिवसांच्या आत हस्तांतरण कळवावे. ‘नंतर करू’ म्हणून कोऱ्या नमुन्यांवर सह्या देऊ नयेत. व्यवहार ओळखीतला असला, तरी नोंद चोखच हवी.