घड्याळ कोणाच्या बाजूने?

लबाडाचे आवतण जेवल्याखेरीज खरे मानू नये, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगत. आवतण देणारा प्रत्येक जण लबाड असतो असे नव्हे. पण पान वाढण्यापूर्वी पाहुण्याला पाच वेशी ओलांडायला लावल्या आणि प्रत्येक वेशीवर ‘दाखला आणा’ म्हणून अडवले, तर यजमानाच्या दानतीविषयी काय समजावे? ब्रिटनमध्ये या शतकाच्या पहिल्या दशकात मोबाइलच्या कराराबरोबर जो ‘कॅशबॅक’ देऊ केला जाई, त्याची हकीकत अशीच वेशींची आहे. ती परदेशातली आहे आणि आता जुनीही झाली. तरी तिच्यातला प्रश्न कोणत्याही देशात शिळा होणारा नाही. तो असा : देणे कोणाचे, आणि ते मिळावे म्हणून धावपळ कोणी करायची?

तिथली मोबाइल घेण्याची रीत प्रथम समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे बहुतेक लोक आधी पैसे भरतात आणि मग बोलतात. ब्रिटनमध्ये वर्ष-दीड वर्षाचा करार करून दरमहा ठराविक बिल भरण्याची पद्धत रूढ होती, आणि फोनचे यंत्र त्या करारातच मिळे. हे करार मोबाइल कंपन्या स्वतः विकत, तसेच स्वतंत्र विक्रेत्यांमार्फतही विकत. प्रत्येक नव्या ग्राहकामागे विक्रेत्याला कंपनीकडून घसघशीत दलाली मिळे. विक्रेत्यांत चढाओढ लागली, तसा त्या दलालीतलाच काही भाग ग्राहकाला परत करण्याच्या जाहिराती झळकू लागल्या. समजा, महिना ३५ पौंडांचा वर्षाचा करार आहे. वर्षाचे झाले ४२० पौंड. विक्रेता म्हणे, यातले ३५० पौंड आम्ही तुम्हाला परत देऊ. म्हणजे फोन महिन्याला सहा पौंडांच्या आतच पडला की! असे गणित मांडल्यावर कोणाला मोह होणार नाही?

मेख होती ती परतावा मिळवण्याच्या रीतीत. पैसे आपोआप परत येत नसत. त्यासाठी टपालाने दावा करावा लागे. वर्षातून चार-पाच वेळा, ठरवून दिलेल्या महिन्यांचे बिल, ठरलेल्या मुदतीत विक्रेत्याकडे पाठवायचे. बिल मूळ हवे, छायाप्रत चालणार नाही. सगळी पाने हवीत. मुदतीच्या आधी आले तरी बाद, नंतर आले तरी बाद. एक दावा चुकला तर पुढचे सगळे हप्ते बुडाले, अशीही अट काही करारांत असे. याच सुमारास मोबाइल कंपन्या कागदी बिले कमी करून संगणकावर बिल दाखवू लागल्या होत्या. आता मूळ कागदी बिल आणायचे कोठून? ते हवे असेल तर ग्राहकाने आधी कंपनीकडे तशी मागणी करायची, आणि मग मुदत गाठायची.

यातली प्रत्येक अट सुटी घेतली तर क्षुल्लक वाटते. एक बिल पाकिटात घालून टपालात टाकायला असे किती कष्ट पडतात? पण गणिताचे प्राध्यापक या अटींकडे वेगळ्या नजरेने पाहतील. शंभरांपैकी नव्वद लोक प्रत्येक वेळी बिनचूक दावा करतात असे धरू, तेही उदारपणे. पहिल्या फेरीला नव्वद उरले, दुसरीला एक्याऐंशी, आणि पाचव्या फेरीअखेर सारे दावे बिनचूक केलेले सुमारे एकोणसाठच उरतात. म्हणजे एकही माणूस आळशी नसताना, केवळ माणसाच्या हातून अधूनमधून चूक होते एवढ्याच बळावर, शंभरांतले एकेचाळीस जण कुठे ना कुठे गळतात. जाहिरात शंभरांना दिसते. हिशेब एकोणसाठांचा केलेला असतो.

आणि हिशेब खरोखरच असा असे. विक्रेत्याला दलाली आधी मिळे, परतावा वर्षभर फेडायचा असे. काही विक्रेत्यांनी परताव्याचे आकडे इतके फुगवले की सगळ्यांनी नेमाने दावा केला असता तर हाती आलेली दलाली पुरलीच नसती. ग्राहकाचे विसरणे हेच त्यांच्या व्यवहाराचे भांडवल. पुढे लोक सावध झाले. तारखा लिहून ठेवू लागले, एकमेकांना आठवण करून देऊ लागले. तेव्हा दाव्यांत खुसपटे काढण्याचे प्रकार वाढले, आणि काही विक्रेत्यांनी दिवाळे काढले. ग्राहक मात्र कराराला बांधलेलाच राहिला. कारण करार मोबाइल कंपनीशी, आणि परताव्याचे वचन विक्रेत्याचे! वचन देणारा नाहीसा झाला तरी बिल दरमहा येतच राहिले.

अशा वेळी ग्राहकाच्या हाती एकच शस्त्र होते, ते म्हणजे पोचपावती. ‘तुमचे पत्र आम्हाला मिळालेच नाही’ या उत्तरापुढे साध्या टपालाचा इलाज चालत नाही. म्हणून जाणती माणसे सही घेऊन पोहोचवल्या जाणाऱ्या टपालानेच दावा पाठवीत आणि पोचल्याचा पुरावा जपून ठेवीत. तेवढ्यावर भागले नाही तर लहान दाव्यांच्या न्यायालयात जाण्याची वाट होती. पण पोचपावतीचीही एक मर्यादा आहे. पाकीट पोचले एवढेच ती सांगते. पाकिटात काय होते हे ती सांगत नाही. ‘पाकीट मिळाले, पण त्यात दुसरे पान नव्हते’ असे उत्तर आले की पावती मुकी होते. शिवाय ज्याने दुकानच बंद केले त्याच्याविरुद्ध निकाल मिळूनही हाती काय येणार?

ही युक्ती मोबाइलवाल्यांनी शोधून काढलेली नव्हे. १९९२ साली हूवर कंपनीच्या ब्रिटिश शाखेने शंभर पौंडांची खरेदी करणाऱ्याला विमानाची दोन परतीची तिकिटे मोफत देऊ केली. आधी युरोपची आणि पुढे अमेरिकेचीही. तिथेही टपालाने अर्ज, मग दुसरा अर्ज, मग मुदती, अशी वेशींची रांग होती, आणि बहुतेक लोक वाटेतच कंटाळतील असा अंदाज होता. लोक कंटाळले नाहीत. तिकिटांच्या किमतीपुढे शंभर पौंड म्हणजे काहीच नव्हते. कंपनीला सुमारे पाच कोटी पौंडांचा फटका बसला आणि लौकिक गेला तो वेगळाच. ग्राहकाच्या कंटाळ्यावर इमला उभारणाऱ्यांनी या उदाहरणावरून शहाणे व्हायला हवे होते. पण धंद्याची स्मरणशक्ती ग्राहकाच्या स्मरणशक्तीहूनही अल्प असते असे दिसते.

इथे कोणी विचारील, अटी तर आधीच छापलेल्या होत्या ना? सही करणारा सज्ञान होता ना? मग तक्रार कसली? शिवाय ग्राहक खरोखर बिल भरतो आहे की करार मोडून मोकळा झाला आहे, हे विक्रेत्याने तपासायचे नाही काय? हा आक्षेप अगदी पोकळ नाही. दिलेला शब्द पाळणे जसे विक्रेत्याचे काम, तसे मान्य केलेली अट पाळणे ग्राहकाचे. विसराळूपणाला कायद्याने सदासर्वकाळ पाठीशी घालावे असे मीही म्हणणार नाही.

पण अटींचेही दोन प्रकार असतात. काही अटी व्यवहाराच्या रक्षणासाठी असतात, काही तो विफल व्हावा म्हणून असतात. दोहोंतला फरक ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. जी माहिती मागितली जात आहे ती मागणाऱ्याला दुसरीकडून सहज मिळण्यासारखी आहे काय? ग्राहकाने मध्येच जोडणी तोडली तर मोबाइल कंपनी विक्रेत्याकडून दलाली परत वसूल करी. म्हणजे ग्राहक टिकला की गेला, हे विक्रेत्याला कंपनीकडून कळण्याजोगेच होते. तरीही तोच पुरावा ग्राहकाकडून, कागदावर, टपालाने, पाच वेळा मागायचा, यात तपासणी किती आणि गाळणी किती? आणि या गाळणीतून कोण गळतो? ज्याच्या घरी कागदपत्रे नीट लावून ठेवायला जागा आणि सवड आहे तो गळत नाही. दोन पाळ्यांत काम करणारा, घर बदलत राहणारा, कराराची भाषा अर्धीच समजणारा माणूस गळतो. त्याच्या बुडालेल्या पैशांतून शिस्तीच्या माणसाचा फोन स्वस्त होतो. हे उलटे दान नव्हे तर काय?

ब्रिटनमधील दूरसंचार क्षेत्राची नियामक संस्था ऑफकॉम हिने आधी कंपन्यांच्या स्वेच्छेवर भरवसा ठेवून पाहिला. २००७ साली आचारसंहिता आली. तेवढ्याने भागेना, म्हणून २००९ मध्ये बंधनकारक नियम लागू झाले. विक्रेत्यांच्या परताव्याच्या अटी अवाजवी जाचक असू नयेत, त्या ग्राहकाला नीट कळवल्या जाव्यात, आणि विक्रेता कसा आहे याची चौकशी मोबाइल कंपनीने करावी, असा त्या नियमांचा रोख होता. यातली शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्याच्या फायद्यासाठी विक्री होते, त्याला विक्रेत्याच्या वचनाकडे पाठ फिरवून उभे राहता येऊ नये.

टपालाच्या पुराव्याविषयी आपल्या देशातल्या कायद्याने फार पूर्वीच एक शहाणपणाची भूमिका घेतली आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे २७ वे कलम सांगते की, एखादा कागद टपालाने बजावावा असे कायद्यात म्हटले असेल, तर बरोबर पत्ता घालून, हशील भरून तो नोंदणी डाकेने पाठवला की तो रीतसर पोचला असे धरावे; पोचला नाही असे ज्याला म्हणायचे आहे त्याने ते सिद्ध करावे. पाठवणाऱ्याने आपले काम केले की भार पलीकडच्यावर जातो. मात्र हे कलम कायद्याने बजावायच्या कागदांपुरते आहे. दुकानदार आणि ग्राहक यांच्या खाजगी करारात मसुदा लिहिणाराच भार कोणावर ते ठरवतो, आणि मसुदा ग्राहक कधीच लिहीत नाही.

आपल्या राज्यातले आणखी एक उदाहरण विद्यार्थ्यांच्या रोजच्या परिचयाचे आहे. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला काढायला गेलेल्याला अर्ज दिल्यावर पंधरा आकडी क्रमांकाची पावती मिळते. तिला कन्नडमध्ये ‘स्वीकृती’ म्हणतात. कर्नाटकाच्या २०११ च्या ‘सकाल’ कायद्याने ही पावती बंधनकारक केली. ठरल्या मुदतीत काम झाले नाही तर दिवसाला वीस रुपये, जास्तीत जास्त पाचशे, अशी भरपाई अर्जदाराला मागता येते, आणि ती कसूर करणाऱ्याकडून वसूल करण्याची तरतूद आहे. रक्कम लहान आहे, ती मिळवायला अपील करावे लागते, आणि कचेऱ्यांचा अनुभव सर्वांचा सारखा नसतो, हे सगळे खरे. तरीही त्या पावतीत एक मोठे तत्त्व आहे. ब्रिटनमधल्या त्या करारात घड्याळ मागणाऱ्यावर लावलेले होते. या पावतीत ते देणाऱ्यावर लावलेले आहे. अर्ज घेतल्या क्षणापासून कचेरीची मुदत मोजली जाते, अर्जदाराची नव्हे.

खाजगी व्यवहारातही हेच घडले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. परतावा देण्याची जाहिरात करणाऱ्याने तो आपण होऊन द्यावा. दावा मागायचाच असेल तर एकदाच मागावा, मिळताच पोच द्यावी, कागदात काही उणे असेल तर ते कळवून पुरे करायला मुदत द्यावी, आणि ठरल्या दिवशी पैसे दिले नाहीत तर व्याज मोजावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य कराराची व्याख्या आली आहे. ग्राहकाचे विसरणे गृहीत धरून बेतलेल्या अटी त्या व्याख्येच्या कसाला लावून पाहाव्यात. आज कॅशबॅकचे कागद गेले आणि पडद्यावरची बटणे आली. पण ‘अमुक तारखेच्या आत, अमुक इतक्या वेळा, अमुक इतक्या रकमेवर’ या वेशी त्याच आहेत. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला फसवणाऱ्या पडद्यावरच्या तेरा क्लृप्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली, ती उगीच नव्हे.

तोवर विद्यार्थी मित्रांनी स्वतःपुरते काय करावे? पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत ठेवावी. पत्राच्या तळाशी सोबतच्या कागदांची पानवार यादी द्यावी, म्हणजे पोचपावतीचा मुकेपणा थोडा तरी कमी होतो. २०२५ साली आपली जुनी नोंदणी डाक स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. तेव्हा टपाल कचेरीत पोच हवी असे पैसे भरतानाच सांगावे, आणि पावती निकाल लागेपर्यंत फाडू नये. हे सगळे करावेच. पण ते करताना एक गोष्ट विसरू नये. पावती जपणे ही आपली सावधगिरी आहे, देणेकऱ्याची सुटका नव्हे. शंभरांतल्या त्या एकेचाळीस जणांची पावती हरवली असेल. त्यांचे पैसे हरवलेले नाहीत. ते कोणाच्या तरी तिजोरीत आहेत, आणि कोणाच्या ते सर्वांना ठाऊक आहे.